तोच की तसाच?

माझा एक भाचा आहे. नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि दोन दिवसांची सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून सह्याद्रीत हिंडायला जातो. पहिल्या पगारातून त्याने एक चाकू घेतला होता. लाल मुठीचा, स्विस बनावटीचा, व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा, 'हंट्समन' नावाचा. मिटला की मुठीत मावणारा. उघडला की दोन पाती, करवत, कात्री, डबा फोडायचे हत्यार असा सगळा संसार बाहेर काढणारा. नऊ वर्षे तो त्याच्या खिशात होता. मागच्या वर्षी एका लग्नाला विमानाने जाताना तो हातातल्या सॅकमध्ये राहून गेला आणि तपासणीत निघाला. तपासणाऱ्याचे काही चुकले नाही. नियम सगळ्यांना ठाऊक आहे. चाकू तिथेच राहिला.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच रंगाचा चाकू विकत आणला. बकरी ईदला घरी आला तेव्हा खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "मामू, तोच आणला बघा."

मी सहज बोलून गेलो, "तोच कसा? तसाच म्हण."

त्याचा चेहरा एकदम उतरला. माझी बहीण आतून म्हणाली, "चाकूसारखा चाकू आला ना, मग झालं की!" तो काही बोलला नाही. पण रात्री जेवणे झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दुकानात दुसरे चांगले होते, स्वस्तही होते. पण दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा विचार मनात आला तेव्हा बेइमानी केल्यासारखं वाटलं. असं का वाटावं?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. इमान हा शब्द आपल्याकडे फार वजनाचा आहे. तो एका चाकूच्या कंपनीला लावताना माझ्या भाच्याला संकोच वाटला नाही, आणि ऐकताना मलाही तो अगदीच अस्थानी वाटला नाही. म्हणून हा लेख.

जगभर डोंगरदऱ्यांत हिंडणारी, शिकार करणारी, रानात मुक्काम करणारी जी माणसे आहेत त्यांच्यात ही निष्ठा सर्रास आढळते. कोणी फ्रान्समधल्या सावोय प्रांतातल्या ओपिनेलचा, कोणी स्वीडनच्या मोरा गावच्या चाकूचा, कोणी अमेरिकेतल्या बकचा. एकदा एकाचा झाला की पुढचा चाकूही त्याच घराण्याचा, मुलाला भेट द्यायचा तोही त्याच घराण्याचा. गंमत अशी की याच माणसांना स्वयंपाकघरातला चाकू कोणत्या कंपनीचा आहे असे विचारा, बहुतेकांना उठून बघावे लागेल. रोज वापरायची ती सुरी. वर्षातून पंधरा-वीस दिवस वापरायचा तो हा. मग जीव त्याच्यावर का?

पहिले उत्तर सोपे आहे: मिरवणे आणि जाहिरात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण मोराचा साधा चाकू अतिशय स्वस्त असतो, स्वीडनमध्ये सुतार आणि बांधकामावरचे मजूर तो कमरेला लावतात. त्यात मिरवण्यासारखे काही नाही, आणि तरी त्याचे निष्ठावंत इतर कोणापेक्षा कमी कडवे नाहीत. दुसरे उत्तर विद्वानांचे आहे. १९९० मध्ये कानेमन, नेच आणि थेलर या तिघांनी कॉफीच्या मगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्यांच्या हातात मग फुकट देऊन ठेवला ते तो विकायला साधारण दुप्पट किंमत मागत. ज्यांच्या हातात नव्हता ते निम्मीच द्यायला तयार होत. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या डोळ्यांत वाढते, असा त्याचा अर्थ. पण याने फार तर एवढेच कळते की भाच्याला जुना चाकू सोडवेना. तो गेल्यावर तसाच दुसरा का आणावासा वाटला, हे त्यातून कळत नाही. नवा मग काही त्याच्या हातात नव्हता.

मला वाटते, आधी चाकूकडेच नीट बघायला हवे. चाकूचा जो गुण सगळ्यात महत्त्वाचा, तो डोळ्याला दिसतच नाही. पोलाद तापवायचे, योग्य क्षणी थंड करायचे, मग पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. आपले लोहार याला पाणी देणे म्हणतात. पाणी नीट दिले असेल तर पाते धार धरते आणि वाकवले तर तुटत नाही. चुकले असेल तर तेच पोलाद काचेसारखे तुटते किंवा शिशासारखे दुमडते. दोन्ही पाती दुकानात शेजारी ठेवली तर सारखीच चकाकतात. गिऱ्हाईक धार बघू शकतो, मूठ बघू शकतो, पाणी बघू शकत नाही. आणि मोडून बघावे तर चाकूच गेला.

जिथे पारख करता येत नाही तिथे माणूस नावाकडे वळतो. हे आजचे नाही. नवव्या शतकात अल-किंदी या अरब तत्त्वज्ञाने खलिफा मुअतसिमसाठी तलवारींवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तलवारींची वर्गवारी पोलादावरून आणि ते कुठले आहे त्यावरून केली आहे. अरबीत चांगल्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणत, म्हणजे हिंदच्या पोलादाची. हे पोलाद आपल्या दख्खनमधले. तेलंगणातल्या भट्ट्यांतून ते इराणपर्यंत जात असे. तेव्हा 'हिंद' हे नाव अरबस्तानात आजच्या कंपनीच्या शिक्क्याचेच काम करत होते. पुढे इंग्लंडमध्ये शेफील्डच्या चाकू करणाऱ्यांची संस्था १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली आणि कारागिरांच्या खुणांची नोंद ठेवू लागली. जर्मनीत झोलिंगन या गावाचे नाव पात्यावर कोणी घालावे याला १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. खोटा शिक्का मारणारे होते म्हणूनच कायदे करावे लागले, हे उघड आहे.

म्हणजे ही निष्ठा मुळात एक प्रकारची तकलीद आहे. आपल्याला पुरावा तपासता येत नाही, म्हणून ज्याला येतो असे वाटते त्याच्या शब्दावर आपण चालतो. तकलीद म्हटले की आपल्यातल्या सुधारकांच्या कपाळाला आठी पडते (माझ्याही पडते). पण जगात पावलोपावली ती करावीच लागते. डॉक्टरची गोळी आपण तिचे रसायन तपासून घेत नाही. प्रश्न एवढाच की ज्याच्यावर विश्वास टाकला तो त्या लायकीचा आहे की नाही हे बघत राहायचे, की बघणे बंद करायचे.

रानात या विश्वासाला धार चढते, कारण तिथे चूक महाग पडते. स्वयंपाकघरात सुरी बोथट निघाली तर दुसरी घेता येते. पावसात भिजलेले लाकूड सोलून आतले कोरडे काढायचे असते, दोर कापायचा असतो, आसपास कोणी नसते, बोटे गारठलेली असतात. मिटणाऱ्या चाकूचे पाते जोर लावताना उलटे मिटले तर बोटावर येते. ओपिनेल १८९० पासूनचे, पण मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी बसवून पाते अडकवायची सोय त्यात १९५५ मध्ये आली. ज्याच्या हाताला ती कडी अंगठ्याने फिरवायची सवय झाली तो अंधारातही न बघता फिरवतो. पावसाने मूठ फुगून पाते आत अडकले, तर मुठीचे टोक लाकडावर ठोकून ते बाहेर काढायचे, ही सावोयकडची रीतही हाताला पाठ होते. अशा माणसाच्या हाती दुसऱ्या बनावटीचा चाकू दिला तर अंगठा चुकीच्या जागी जातो. निष्ठेचा मोठा भाग असा डोक्यात नसून बोटांत असतो. भाच्याला बेइमानी वाटली ती, मला वाटते, निम्मी त्याच्या अंगठ्याची होती.

इथपर्यंत सगळे समजण्यासारखे आहे. अवघड पुढे आहे. कारण अंगठ्याला 'तसाच' चालतो. मनाला 'तोच' हवा असतो. आपल्या परंपरेत वस्तूंना नावे देण्याची रीत होती. बद्रच्या लढाईत हाती आलेली आणि पुढे हजरत अलींकडे गेलेली तलवार जुल्फिकार म्हणून ओळखली जाते. ते एका तलवारीचे नाव. ती हरवली असती तर 'दुसरी जुल्फिकार आणा' असे कोणी म्हणाले नसते. ओपिनेलचे आकार मात्र क्रमांकांनी ओळखले जातात. आठ नंबरचा चाकू म्हणजे लाखो चाकू. नाव आता एका वस्तूचे राहिले नाही, सगळ्या भावंडांचे झाले. कारखान्यांच्या युगाने तसाच आणि तोच यांतले अंतर पुसायचा प्रयत्न केला, आणि माझ्या भाच्याने त्या रात्री जे म्हटले ते त्याच भाषेत म्हटले. फ्रेंचांकडे यावर एक जुना विनोद आहे, जॅनोच्या चाकूचा. पाते बदलले, मग मूठ बदलली, तरी जॅनो म्हणतो हा माझा तोच चाकू. आपण हसतो खरे, पण कंपन्यांच्या बाबतीत आपण सगळेच जॅनो असतो.

दोन उदाहरणे बघू. स्विस सैन्याला चाकू पुरवणाऱ्या कंपन्या शंभर वर्षे दोन होत्या. एक इबाखची, कार्ल एल्जेनरची, १८८४ मध्ये सुरू झालेली. तिने १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू दिले, आणि संस्थापकाची आई व्हिक्टोरिया हिच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये तिचे नाव घेतले. दुसरी देलेमोंची वेंगर. दोघींच्या चाकूंवर पांढरा क्रॉस, रंग लाल, तरी जगभर व्हिक्टोरिनॉक्सवाले आणि वेंगरवाले असे दोन पंथ होते. वेंगरवाल्यांना तिची दातेरी कात्री आणि हाताच्या घडणीप्रमाणे वळलेली मूठ प्रिय. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि २०१३ मध्ये चाकूंवरचे वेंगर हे नाव मागे घेतले. तिचे काही नमुने व्हिक्टोरिनॉक्सच्या शिक्क्याखाली तसेच चालू राहिले. म्हणजे चाकू राहिला आणि नाव गेले. आता वेंगरनिष्ठाने काय करावे? चाकू जर तोच असेल तर दुःख कशाचे? आणि दुःख झाले असेल, तर तो आजवर चाकूवर प्रेम करत होता की शिक्क्यावर?

दुसरे उदाहरण याच्या उलट. अमेरिकेत बक कंपनीने १९६४ मध्ये 'एकशे दहा' क्रमांकाचा मिटणारा शिकारी चाकू काढला. पितळी टोके, लाकडी मूठ, मजबूत खटका. तो इतका गाजला की त्या प्रकारच्या चाकूला लोक बकच म्हणू लागले. सुरुवातीला त्याचे पाते ४४० सी जातीच्या पोलादाचे होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बदलले, १९९० च्या दशकात पुन्हा बदलले आणि ४२० एचसी आले. रूप तेच, शिक्का तोच, पोलाद निराळे. जुने लोक हळहळले. कंपनीचे म्हणणे असे की पॉल बॉस या पाणी देण्यातल्या वाकबगार माणसाच्या पद्धतीने हे साधे पोलादही उत्तम धार धरते. आणि ते खोटे नाही, नव्या पात्याला धार लावायलाही सोपे जाते. इथे नाव राहिले आणि वस्तू बदलली, आणि बहुतेक निष्ठावंत राहिले ते नावाबरोबर.

इमाम गजालींनी आपल्या आत्मकथनात तकलीदबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. तकलीद करणाऱ्याला आपण तकलीद करतो आहोत हे ठाऊक नसते तोवरच ती टिकते. ते कळले की काच फुटते, आणि ती काच पुन्हा जोडता येत नाही, असा त्यांचा आशय. वेंगरवाल्यांची काच २०१३ मध्ये फुटली. बकवाल्यांच्या काचेला तडा गेला, पण अनेकांनी तिच्याकडे बघायचे टाळले. मी त्यांना हसत नाही. आपल्या जमातींत, पक्षांत, संस्थांत पाते कधी बदलले हे न बघता शिक्क्यावर माना डोलावणारे आपण कमी पाहिले नाहीत.

अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस याने १९०८ मध्ये निष्ठेवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या मते निष्ठा ही माणसापेक्षा मोठ्या अशा एखाद्या कार्याशी असते, आणि जी निष्ठा इतरांच्या निष्ठा चिरडते ती वाईट. मला हे पटते, पण आपल्याकडे याहून जवळचा शब्द आहे: असबियत. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये मुकद्दिमात असबियतला राज्ये उभी करणारी शक्ती म्हटले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना असबियत म्हणजे काय असे विचारले गेले तेव्हा, आपल्या लोकांना जुलमात साथ देणे, असा अर्थ त्यांनी सांगितल्याचे अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आणि भाऊ जालिम असो की मजलूम, त्याची मदत करा, जालिम असेल तर त्याचा हात धरणे हीच त्याची मदत, हा हदीसचा आशय तर आपण लहानपणापासून ऐकतो. चाकूच्या कंपनीला एवढी मोठी मापे लावावीत का? लावायला हरकत नाही. कारण माप लहान वस्तूवर लावून बघितले की मोठ्या वस्तूवर लावताना हात थरथरत नाही. ज्या बकनिष्ठांनी पोलाद बदलल्यावर तोंडावर सांगितले की हे तुम्ही हलके केलेत, ते माझ्या हिशेबी त्या कंपनीशी जास्त प्रामाणिक.

पण निष्ठा एकेरी असते का? कंपनीकडून परत काय येते? बकच्या चाकूबरोबर खोक्यात एक चिठ्ठी येते. संस्थापकाचा मुलगा अल बक याच्या नावाने. चाकूत दोष निघाला तर दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, असे वचन आणि त्याखाली कंपनीने देवाला आपला वरिष्ठ भागीदार मानले आहे असे निवेदन. पहिल्यांदा मला ते धंद्यात धर्म मिसळल्यासारखे वाटले. पण अमानतची कल्पना आपल्या व्यापारातही हीच आहे की तोलताना कोणीतरी बघतो आहे. व्हिक्टोरिनॉक्सचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते. सप्टेंबर २००१ नंतर विमानात चाकू नेण्यावर बंदी आली आणि विमानतळांवरच्या दुकानांतली तिची विक्री कोसळली. कंपनीने कामगारांना काढले नाही. जादा काम बंद केले, सुट्ट्या आधी द्यायला लावल्या, काही माणसे शेजारच्या दुसऱ्या कंपन्यांत तात्पुरती कामाला पाठवली. माझा भाचा हे वाचून निष्ठावंत झाला असे नाही, त्याला ते ठाऊकही नव्हते. ज्या बंदीने तेव्हा त्या कारखान्याला खाली आणले, त्याच बंदीने याचा चाकू गेला, हा योगायोग मी त्याला सांगितला तेव्हा त्याला उगाचच बरे वाटले.

ही गोष्ट जमेची खरी. तरी कंपनी काही त्याला ओळखत नाही. त्याचा चाकू गेला म्हणून इबाखमध्ये कोणी उसासा टाकला नाही. निष्ठेतला हा एकेरीपणा मला टोचतो. माणसाच्या बाबतीत आपण अशा प्रेमाला एकतर्फी म्हणतो आणि सोडून दे म्हणतो.

या प्रश्नाचा उलगडा मला थोडाफार झाला तो त्याच ईदच्या सकाळी. कुर्बानीच्या सुऱ्यांना मी दरवर्षी आदल्या रात्री धार लावतो. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे ती उत्तम करणे, लाजिम केले आहे, म्हणून जिबह करताना पाते तीक्ष्ण करा आणि जनावराला त्रास कमी द्या, हा आशय मुस्लिम शरीफमध्ये आहे. धारेची मालकी तिथे आपल्याकडे राहत नाही. ती ज्याच्या मानेवरून फिरणार त्याचा तो हक्क आहे. माझे आजोबा सुरी कुठली आहे हे कधी बोलत नसत. गावच्या लोहाराने केलेली, एवढेच. पण ती शेवटची कधी घासली हे त्यांना नेमके आठवे. आपल्यातल्या शिकलगारांचे नावच सैकल या अरबी शब्दावरून, घासून चकाकी आणणे यावरून आले आहे. सूफींनी तोच शब्द दिलावरचा गंज काढायला वापरला.

भाच्याचा नवा चाकू मी सकाळी उजेडात धरून पाहिला. पाते पोट भरलेले, रुंद. कारखान्यातून आले तसे. त्याचा जुना मी पाहिलेला होता. नऊ वर्षे धार लावून त्याचे पाते टोकाकडे बारीक झाले होते, मुठीच्या लाल रंगावर चरे होते. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते फार कडक नसते, साधारण ५६ रॉकवेलचे. ते धार लवकर सोडते पण साध्या दगडावर लवकर धरतेही. म्हणजे त्याला माणूस लागतो. विमानतळावर राहिले ते हे बारीक झालेले पाते, आणि त्यातून गेलेले पोलाद. ते कुठल्याच दुकानात मिळत नाही. मी हे त्याला सांगितले. कंपनीने दिले ते तुला पुन्हा मिळाले, तू घातलेस ते गेले.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, मग दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तरी चाललं असतं?"

चालले असते, मी म्हणालो. पण अंगठा अडखळला असता, आणि तू वर्षभर कुरकुरला असतास.

माझा धारेचा दगड आजोबांच्या वेळचा आहे, मधोमध खोलगट झालेला. "पुण्याला नेतो, दोन दिवसांत परत आणून देतो," म्हणून त्याने तो नेला. सहा महिने झाले, अजून आणलेला नाही. मागच्या आठवड्यात बहिणीला फोनवर सांगत होता, दगड तेलावर चालतो की पाण्यावर ते मामूला विचारून सांग.